कोणी नाही ना?

'ढकलू नका, ओढा.' माझ्या छातीवर पांढऱ्या रंगात, चांगल्या ठसठशीत अक्षरांत असं लिहिलेलं आहे, तरी येणारा प्रत्येक जण आधी ढकलतोच. मग कपाळ काचेवर आपटतं, मागचे फिदीफिदी हसतात आणि आपटलेला माणूस माझ्याकडे असा बघतो, जसं काही मीच चार पावलं पुढे येऊन त्याला धडक दिली. मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. मोठ्या बागेतल्या काचघराचा आतला दरवाजा. खालचा अर्धा लाकडाचा, वरचा अर्धा काचेचा आणि स्वभावानं नखशिखान्त काळजीचा.

काळजी करायला कारणही तसंच आहे. काचघर म्हणजे झाडांसाठी बांधलेलं काचेचं घर. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असो की सोसाट्याचा वारा, आत बारा महिने दमट उकाडा. लांबलांबच्या ओल्या जंगलांतली झाडं इथे राहायला आली आहेत आणि सगळी भलतीच नाजूक प्रकृतीची. थंड वाऱ्याची झुळूक लागली की माना टाकतात. म्हणून या घराला एकामागे एक अशी दोन दारं आहेत. आधी बाहेरचं लोखंडी दार, मग बोळासारखी चिंचोळी जागा आणि मग मी. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा इथला नियम. बाहेरचा लोखंडी दरवाजा माझा थोरला भाऊ. तो ऊन, वारा, धूळ सगळं अंगावर घेतो आणि चकार शब्द काढत नाही. काळजी करायचं खातं त्यानं पहिल्या दिवसापासून माझ्यावर सोपवलंय.

मला घडवणारा सुतार फार चोखंदळ होता. रंधा मारताना तो माझ्याशी बोलायचा. म्हणायचा, "ज्याच्या अंगातून वारा आरपार जातो ते दार नव्हे रे बाबा, ते कुंपण." मला चौकटीत बसवल्यावर त्यानं कागदाची एक पट्टी फटीत धरली, मला लावून घेतलं आणि पट्टी ओढून पाहिली. ती सुळकन निघाली तर मी नापास. त्यानं मला उतरवलं, तासलं, पुन्हा बसवलं. पुन्हा नापास. असं किती वेळा झालं ते विचारू नका, माझी अब्रू जाईल. शेवटी एकदाची पट्टी अडकली आणि ओढताना टर्रकन फाटली. सुतारानं ते तुकडे खिशात घातले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "झालास दरवाजा."

तेव्हापासून माझा सगळा अभिमान एकाच गोष्टीत सामावलेला आहे. घट्ट लागायचं. फट ठेवायची नाही. कोणाला गाण्याचा अभिमान असतो, कोणाला केसांचा, मला लागण्याचा.

माझ्या तरुणपणी माळीकाका नवीन होते. आता त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या आहेत. ते बहुतेक वेळ काचघराच्या पार मागच्या टोकाला कुंड्यांपाशी बसलेले असतात आणि तिथून त्यांना मी दिसत नाही. पण ऐकू यायचो. मला उघडताना कुईं असा आवाज करायची सवय होती. तो कानावर पडला की काका मान वर न करता म्हणायचे, "आलं वाटतं कोणी." माझी कुरकुर हीच त्यांची घंटा. कधीकधी काका पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, की या घरातली अर्धी झाडं या दरवाजामुळे जगली आहेत. ते ऐकून मी आणखी घट्ट लागायचो.

आता सहलींबद्दल सांगतो. खरं तर माझ्या आयुष्यात सहली सोडल्या तर दुसरं घडतं काय?

शाळेची बस फाटकाशी थांबली की मला आधी आवाज येतो, मग धक्का बसतो. बोळात चार माणसं बरी मावतात, पण मुलं अख्खा वर्ग कोंबतात. कोणाचा डबा कोणाच्या बरगडीत, कोणाची वेणी कोणाच्या तोंडात. माझी काच आतल्या दमट हवेनं कायम धुरकटलेली असते, तर त्या धुक्यावर कोणीतरी बोटानं चेहरा काढतं, त्याला मिशा काढतं आणि खाली बाईंचं नाव लिहितं. त्याचं मला काही नाही. माझी भीती वेगळीच. बोटं! बिजागरीशेजारच्या फटीत बोटं घालण्याची मुलांना काय हौस असते कळत नाही. मी मिटत असतो आणि तिथे इवलीशी चार बोटं दिसतात.  मला थांबता येत नाही मित्रांनो, ढकललं की जावंच लागतं.

दुसरी भीती खडीची. बागेतल्या वाटांवर बारीक खडी पसरलेली आहे आणि मुलांच्या बुटांना चिकटून ती बोळात येते. एखादा खडा माझ्या आणि उंबरठ्याच्या मध्ये अडकला की संपलं. मी अर्धवट उघडा, आत गार वारा, आणि काकांची बडबड सुरू, की ही पोरं बूट घालून येतात की रस्ताच घेऊन येतात.

तरी खरं सांगू? सहल गेली की मला करमत नाही. मुलं आत काय काय बघतात, ते मी काचेतून बघतो. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा असतात. दरवेळी कोणीतरी ओरडतं की कीड लागली. मग माहिती सांगणाऱ्या ताई हसून सांगतात, की ती कीड नाही, त्या ठिपक्यांतली धूळ उडते आणि तिच्यातून नवे नेचे उगवतात. तळ्यात परातीएवढं कमळाचं पान आहे. वरून गुळगुळीत आणि खालून काटेच काटे. आणि कोपऱ्यात केळीच्या गर्दीमागे घटपर्णी टांगलेली आहे. तिच्या पानांच्या टोकांना झाकणवाले लांबट घडे पार जमिनीजवळ लोंबतात. त्या घड्यांत ती किडे पकडते आणि जिरवते. हे कळलं की मुलं आनंदानं अशी काही किंचाळतात, की माझी काच हादरते.

आता त्या दिवसाकडे येतो. इतका वेळ मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो, कारण ते आठवलं की अजून माझ्या बिजागऱ्या ढिल्या पडतात.

बागेचे साहेब आदल्या दिवशी पाहणीला आले होते. मला उघडताच त्यांनी कानावर हात ठेवले आणि विचारलं, हा दरवाजा आहे की आजारी मांजर? मग काय, सहलीच्या दिवशी सकाळी ताईंनी माझ्या बिजागऱ्यांत भरपूर तेल ओतलं. मला उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. आवाज नाही. ताई खूश झाल्या. मी मात्र दिवसभर घसा बसलेल्या गवयासारखा उभा होतो.

त्या दिवशी घाईही होती. दुसऱ्या दिवशी बागेची सुट्टी, म्हणून सहल गेल्यावर काचघरात धुरी द्यायची होती. झाडांवरची कीड मारायला काका औषधी धुराचे डबे पेटवतात. डबा पेटला की आत विषारी धूर कोंडतो. काचघर रात्रभर बंद ठेवावं लागतं आणि तोवर आत कोणी जायचं नाही. काकासुद्धा तोंडाला मुखवटा बांधून जातात, डबे पेटवतात आणि धावत बाहेर येतात. म्हणून अशा दिवशी मी घट्ट लागणं सगळ्यात महत्त्वाचं असतं.

सहल यायलाच उशीर झाला. वाटेत एका मुलीला बस लागली होती. तिला सगळे लिंबू म्हणत, कारण प्रवासात ती सतत लिंबू हुंगायची. ते हुंगूनही व्हायचं ते झालंच. बाईंनी तिला बसमध्येच ड्रायव्हरकाकांजवळ झोपवून ठेवलं आणि बाकीच्यांना जोड्याजोड्यांनी माझ्यासमोर आणून उभं केलं. हात धरायचा, सोडायचा नाही, आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवायचं, अशी बाईंची शिस्त.

या वर्गात एक मुलगी वर्षाच्या मध्येच आली होती. तोवर सगळ्यांच्या जोड्या लागून गेलेल्या. त्यामुळे ती रांगेत शेवटी एकटी उभी राहायची आणि म्हणून तिचं नाव पडलं शेपूट. "शेपूट आलं का?" कोणीतरी विचारायचं आणि दुसरं कोणी म्हणायचं, "शेपूट शेवटीच येतं." त्यात दुष्टपणा नव्हता. पण रोज तोच विनोद ऐकणाऱ्याला तो किती वेळा हसू आणेल? एरवी बाईच तिचा हात धरायच्या. त्या दिवशी लिंबू बसमध्ये राहिली आणि तिची जोडीदार, जाड भिंगांमुळे जिला सगळे चष्माच म्हणत, ती एकटी पडली. बाईंना हायसं वाटलं. त्यांनी चष्म्याचा हात शेपटीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, चला, आज तुम्ही दोघी.

मी दोघींना जवळून पाहिलं. चष्म्यानं हात धरला खरा, पण तिचं सगळं चित्त बसकडे. शेपूट मात्र हरखून गेली होती. जोडीनं चालायचं कसं, हे आठवून आठवून चालल्यासारखी एकेक पाऊल टाकत होती.

सहल झाली. नेचे झाले, कमळ झालं, ताईंनी घटपर्णीपाशी सगळ्यांना गोळा केलं आणि त्या सांगायला लागल्या. घड्याची कड किती गुळगुळीत असते, तिथे गोड रस कसा असतो, किडा खायला येतो, घसरतो, आणि आत पडला की परत वर येणं नाही. मुलं नेहमीप्रमाणे किंचाळली. शेपूट किंचाळली नाही. एका घड्याच्या कडेवर एक मुंगळा चालला होता, तो तिला दिसला होता. तिनं बाईंची ओढणी ओढून सांगितलं, की तो पडेल. बाई म्हणाल्या, पुढे चल गं, रांग थांबलीय.

ती पुढे चालली. पण मान मागे.

बाहेर पडताना बोळात पुन्हा तीच रेटारेटी. ताई सगळ्यांत पुढे थोरल्या दाराशी. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि चष्म्यानं हात सोडून पुढे मुसंडी मारली, लिंबूला बघायला. शेपूट माझ्याजवळ उरली. मी तिच्या मागे मिटतच आलो होतो. तिनं एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे पाहिलं, मला ओढलं आणि आत शिरली. चांगलं नेमकं ओढलं हं, ढकललं नाही.

आणि मित्रांनो, मी उघडलो, मिटलो, पण माझ्यातून आवाज निघाला नाही. कुंड्यांपाशी बसलेल्या काकांनी मान वर केली नाही. पुढे चाललेल्या मुलांतलं कोणी वळलं नाही. माझी जी काही वाणी होती, ती सकाळीच तेलात बुडाली होती.

बसपाशी काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. बाईंनी पायरीवर उभं राहून विचारलं, "सगळ्यांची जोडी आहे ना?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "आहेऽऽ!" चष्मासुद्धा ओरडली. ती खोटं बोलली नाही. तिची जोडी, म्हणजे लिंबू, तिच्या शेजारीच बसली होती, तोंड धुऊन, जरा ताजीतवानी होऊन. मग बाईंनी आणखी एकदा विचारलं, "कोणी राहिलं नाही ना?" वर्ग म्हणाला, "नाऽऽही!" आणि बस निघाली.

इकडे आत शेपूट केळीच्या मागे, घटपर्णीसमोर. तिनं जमिनीवरची एक वाळकी काडी उचलली होती आणि घड्याच्या कडेला धरून ती मुंगळ्याची वाट बघत होती. मुंगळा यायला तयार नाही. तो काडीपर्यंत यायचा, मिशा हलवायचा आणि उलटा फिरायचा. मला इतकी चीड आली त्याची! ये ना बाबा. तुला वाचवायला आलीय ती, आणि तिला वाचवायला कोण येणार?

काका मधल्या वेळात डबे आणायला बाहेर गेले होते, ते आता बोळातून धुराच्या डब्यांची पाटी घेऊन आले. त्यांनी मला ओढलं, उंबरठ्यावर उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे आत आवाज दिला, "कोणी नाही ना?"

मला वाटलं, झालं, सुटलो. आता ती ओ देईल.

ती गप्प. उलट तिनं अंग चोरलं आणि केळीच्या बुंध्यांआड आणखी खाली बसली.

काका आत गेले. वाटेच्या कडेनं डबे मांडत गेले. केळीपाशी त्यांनी डबा ठेवला तेव्हा त्यांच्यात आणि तिच्यात दोन बुंध्यांचं अंतर होतं. पण काका उभे आणि ती बसलेली, मध्ये ही भलीमोठी पानं. काकांचं लक्ष डब्यांवर. ऊन कलायच्या आत काम उरकायचं होतं. ते तसेच परत फिरले, बोळात आले, मुखवटा बांधला, आगपेटी खिशातून काढून हातात घेतली.

माझं काय झालं असेल, कल्पना करा. मी दोघांच्या मध्ये उभा. मला दोन्हीकडचं दिसतं. एका बाजूला आगपेटी, दुसऱ्या बाजूला काडी आणि मुंगळा. ओरडायला तोंड नाही. हात हलवायला हात नाही. थोरल्या भावाकडे पाहिलं, तर तो बाहेरच्या आभाळाकडे पाहत उभा.

काकांची एक पद्धत आहे. डबे पेटवल्यावर दाराशी झटापट करायला वेळ नसतो, म्हणून ते आधी मला लावून बघतात. नीट लागतोय म्हटल्यावरच आत जाऊन पेटवतात. तसं त्यांनी मला लोटलं. उभा जन्म मी फक्त एक गोष्ट चांगली केली होती. घट्ट लागायचं. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदाच वाटलं, की मी लागू नये. सुतारबाबा, तुझी शपथ, आज मला नापास होऊ दे.

मी लागलो नाही.

मी मुद्दाम केलं असं समजून टाळ्या वाजवू नका. मुलांच्या बुटांबरोबर आलेला एक खडा माझ्या तळाशी अडकला होता, एवढंच. काकांनी खांदा लावला. मी हललो नाही. त्यांनी लाथ मारली. खडा आणखी रुतला. मुखवट्याच्या आतून त्यांनी खडीचा, बुटांचा, सहलींचा आणि सहली काढणाऱ्यांच्या खानदानाचा उद्धार केला, गुडघे धरत धरत खाली बसले, मग पार पालथे झाले आणि बोटानं खडा उकरायला लागले. गाल जमिनीला टेकलेला. समोर माझ्या फटीतून आतली जमीन.

बोट थांबलं.

उभं राहून जे दिसत नाही ते जमिनीवरून दिसतं, मित्रांनो. पानं वर असतात, खाली सगळं मोकळं असतं. केळीच्या बुंध्यांमध्ये दोन काळे बूट होते आणि एका बुटाची नाडी सुटलेली होती.

मला वाटलं काका ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी आधी आगपेटी मागे, बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवून दिली. मग मुखवटा खाली ओढला. पालथेच राहिले, आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हणाले, "आमच्या केळीला बूट फुटलेत वाटतं."

 मग पानांतून बारीक आवाज आला, "बूट माझे आहेत. केळीला मी हात नाही लावला."

"नाहीच लावलास. ये बघू बाहेर. मी रागवत नाही."

"थांबा हं. हा आत्ताच काडीवर चढलाय."

आणि काका थांबले. काय करणार? ती काडी समईतल्या ज्योतीसारखी सांभाळत बाहेर आली. मुंगळा टोकावर. काकांनी मला पूर्ण उघडून धरलं, मग थोरल्या दारातून दोघं बाहेर गेले, तिनं काडी गवतात ठेवली आणि मुंगळा आभार वगैरे न मानता निघून गेला.  मग काका बोळात येऊन मला टेकून बसले. त्यांच्या अंगातली थरथर माझ्या फळ्यांत उतरत होती.

तिला शेजारी बसवून त्यांनी विचारलं, "मी आवाज दिला तेव्हा ओ का नाही दिलीस गं?"

ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, कोणी नाही ना. मला वाटलं, तुम्हाला आत कोणी नको आहे. म्हणून मी कोणी नसल्यासारखी बसले."

 काकांच्या पांढऱ्या भुवया खाली झुकल्या. इतक्या वर्षांत किती वेळा त्यांनी ते तीन शब्द उच्चारले असतील. त्या प्रश्नाच्या पोटातच 'नाही' बसलेलं आहे, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मला तर दिवसभर ऐकण्यावाचून दुसरं काम नाही.

तेवढ्यात फाटकाशी बस कचकन थांबली. चौकापर्यंत जाऊन ती परत आली होती. लिंबूनं चष्म्याला विचारलं होतं, माझ्याशिवाय तू कोणाबरोबर फिरलीस? आणि चष्म्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाई धावत आल्या. एका पायातली चप्पल वाटेतच राहिली होती. मागून ताई, त्यामागे चष्मा. आणि मग त्या बोळात जे सुरू झालं, ते ऐकून मला मिटून घ्यावंसं वाटलं. बाई म्हणाल्या, मला वाटलं ती चष्म्याबरोबर आहे. चष्मा रडत म्हणाली, मला वाटलं ती बाईंजवळ बसली असेल. ताई म्हणाल्या, मला वाटलं बाईंनी बघून घेतलंय. काका म्हणाले, मला वाटलं ताईंनी सगळ्यांना बाहेर काढलंय. मी जुना दरवाजा आहे, मला कड्याकुलपांतलं कळतं. 'मला वाटलं' याच्याइतकी ढिली कडी जगात दुसरी नाही. वरून लागलेली दिसते आणि फुंकर मारली तरी निघते.

मग काकांनी आत मांडलेल्या डब्यांचं सांगितलं. ते कसले, आणि किती थोडक्यात चुकलं. 

बाईंनी हात उगारला होता. मी स्पष्ट पाहिलं. पण तो हात तिच्या गालापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग बाई खाली बसल्या, तिच्या सुटलेल्या नाडीची गाठ मारायला लागल्या आणि ती काही केल्या त्यांना जमेना.  शेवटी चष्मा पुढे आली, तिनं गाठ मारली आणि खाली बघतच म्हणाली, "मी 'आहे' म्हटलं ना, ते लिंबूसाठी म्हटलं होतं."

"माहितीये," शेपूट म्हणाली. "तुझी जोडी तीच आहे."

 चष्म्यानं नुसता तिचा हात धरला. या वेळी बसमध्ये जाईपर्यंत सोडला नाही, एवढं मी धुरकट काचेतूनही पाहिलं. त्या दोघी पुढे मैत्रिणी झाल्या की नाही, मला ठाऊक नाही. मी काचघराचा दरवाजा, शाळेचा नव्हे.

त्या दिवशी धुरी दिलीच नाही. काकांनी डबे गोळा केले, कुलूप लावलं आणि बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. बाईंचा वर्ग पुन्हा एकदा आला तेव्हा 'आहेऽऽ' अशी एकसुरी आरोळी नव्हती. प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी स्वतःपुरतं 'मी आहे' म्हणत बसमध्ये चढत होती. वेळ लागत होता. ड्रायव्हरकाका कुरकुरत होते. बाई ऐकत नव्हत्या. आणि आमचे काका आता मला लावण्याआधी पूर्ण उघडतात, गुडघ्यांवर बसतात, जमिनीला गाल लावून आत पाहतात. येणारेजाणारे हसतात, की म्हाताऱ्याचं काय हरवलंय? काका लक्ष देत नाहीत. ते आत आवाज देतात, "आत कोण आहे?" आणि थांबतात.

साहेब म्हणतात, मला काढून काचेचा आपोआप मिटणारा दरवाजा बसवायचा. त्यात खडी अडकत नाही म्हणे, आणि कोणाला ओढावंही लागत नाही. मी म्हातारा झालो आहे, तळाचे पोपडे निघाले आहेत, नाही कसं म्हणू? कोणी मला कुठे कोपऱ्यात उभं करून ठेवलं तरी माझी तक्रार नाही. काळजी तेवढी सुटत नाही. जो आपणहून मिटतो, त्याच्यापाशी क्षणभर थांबून आत बघायचं कोणाला सुचेल?

म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो, मित्रांनो. बूट झटकून आत या. बिजागरीत बोटं घालू नका. काचेवर मिशा काढायच्या तर खुशाल काढा. पण वर्गाचं असो, घराचं असो, बसचं असो, कुठलंही दार ओढून घेण्याआधी आत एक हाक मारा. 'कोणी नाही ना' असं विचारू नका, 'कोण आहे' असं विचारा. आणि हाक मारून लगेच निघू नका, थोडं थांबा. जी मुलं शेवटी उभी असतात, त्यांना ओ द्यायला जरा वेळ लागतो.